बैठक भत्ता घ्यावा का? घ्या, पण कशाला बांधलाय ते आधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राज्य सरकारच्या एका महामंडळावर अशासकीय सदस्य म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. दर बैठकीला भत्ता आणि प्रवासखर्च मिळेल, असं पत्रात आहे. घरचे म्हणतात, लोकांच्या कामाचे पैसे कशाला घ्यायचे, नाव खराब होईल. एका मित्राने घाबरवलंय की पुढे विधानसभा लढवायची असेल तर हे 'लाभाचं पद' ठरेल. आणि कराचं काय, हे कोणीच नीट सांगत नाही.

मी सरकारी उपक्रमांत कंपनी सेक्रेटरी म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. संचालक टेबलाभोवती बसायचे, मी त्यांच्या मागे फायली घेऊन. हजेरीचं रजिस्टर फिरवणं, इतिवृत्त लिहिणं, भत्त्याची बिलं तपासणं आणि मग ऑडिटवाल्यांना उत्तरं देणं, हे सगळं माझ्याकडे असे. तिथून जे दिसलं त्यावरून सांगतो.

भत्ता घ्या. पैसे घेतल्याने कोणी वाईट होत नाही, न घेतल्याने कोणी साधू होत नाही. रक्कम किती यापेक्षा ती कशाला बांधलेली आहे, हे बघा. माझ्या नोकरीत जे काही बिघडताना पाहिलं, ते भत्ता मोठा होता म्हणून नाही, तर तो चुकीच्या गोष्टीला बांधलेला होता म्हणून.

आधी हिशेबाची बाजू, कारण इथे नव्या सदस्यांचा गोंधळ हमखास होतो. सार्वजनिक मंडळाच्या सदस्याला तीन निरनिराळ्या नावांनी पैसे मिळतात. मानधन हे पदासाठी असतं, महिन्याचं, बैठक होवो न होवो. बैठक भत्ता, ज्याला कंपन्यांत सरळ सिटिंग फी म्हणतात, तो हजर राहिल्याबद्दल. प्रवास भत्ता आणि दैनिक भत्ता म्हणजे तुमच्या खिशातून गेलेले पैसे परत. सरपंचाला मिळतं ते मानधन. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने ते दुप्पट केलं, त्यामुळे गावाच्या लोकसंख्येप्रमाणे महिन्याला 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये झालं. मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन 2017 मध्ये 10,000 वरून 25,000 झालं, तेही मानधनच. साध्या ग्रामपंचायत सदस्याला मात्र मानधन नाही, फक्त बैठक भत्ता. या तिन्हींचे कायदेशीर परिणाम वेगळे, करही वेगळा. म्हणून नेमणुकीच्या पत्रात नेमका कोणता शब्द आहे आणि त्यामागे कोणता शासन निर्णय आहे, ते पहिल्याच दिवशी बघून घ्या. तोंडी 'काहीतरी मिळतं हो' यावर राहू नका.

आता घरच्यांचा आक्षेप. लोकांच्या कामाचे पैसे घेऊ नयेत, ही भावना चांगली आहे, पण ती ज्यांना परवडते त्यांचीच आहे. ग्रामपंचायत सदस्याचं उदाहरण घ्या. तिला बैठकीला 200 रुपये. महिन्याला एक बैठक धरली तर वर्षाचे 2,400. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2025-26 साठी दिवसाची मजुरी 312 रुपये ठरली होती. म्हणजे जी बाई शेतावर किंवा हमीच्या कामावर जाते, ती पंचायतीच्या बैठकीला बसली की त्या दिवशी शंभरावर रुपये घरातून घालून येते. आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यातल्या कितीतरी सदस्य प्रोसिडिंग बुकावर सही करून किंवा अंगठा देऊन परत कामावर पळतात आणि मग गावात लोक म्हणतात, बायकांना बैठकीत रसच नसतो. रस असून काय करणार, पोटाचं आधी बघावं लागतं. काही ठिकाणी तर तिच्या जागी नवराच बसतो, त्याची कारणं आणखी खोल आहेत, पण बुडालेला रोज हे त्यातलं एक आहेच.

महामंडळाच्या पातळीवरही हेच घडतं, फक्त कपडे इस्त्रीचे असतात. आमच्या एका मंडळावर मराठवाड्यातले एक शेतकरी प्रतिनिधी होते. मुंबईतली सकाळी साडेदहाची बैठक म्हणजे आदल्या रात्री गाडीत बसायचं, सकाळी दादरला उतरून कुठेतरी तोंड धुवायचं आणि संध्याकाळी पुन्हा गाडी. शेतीचे दोन दिवस गेले. त्याच टेबलाशी दोन किलोमीटरवर राहणारे एक उद्योजक बसत. दोघांना भत्ता सारखाच. उद्योजकांना तो कधी खात्यात जमा झाला हे कळतही नसे, शेतकरी सदस्य मात्र दर वेळी हळूच विचारायचे, "मागच्या बैठकीचं निघालं का?" हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली जायचा, आणि त्याचा मला राग यायचा, त्यांचा नाही, ज्या वातावरणात हा प्रश्न लाजेचा वाटतो त्या वातावरणाचा. विषयपत्रिकेची सगळी पानं वाचून येणारे त्या मंडळावर तेच होते.

भत्ता नसेल तर मंडळावर कोण उरतं? पेन्शनर, पैसेवाले, आणि ज्यांना मंडळातून दुसरीकडून काही मिळवायचं असतं ते. तिसरा प्रकार सर्वांत महाग पडतो. ब्रिटनमध्ये सामान्य कामगाराला संसदेत बसता यावं म्हणून खासदारांना पगार द्या, ही मागणी चार्टिस्ट नावाच्या कामगार चळवळीने 1838 मध्ये केली आणि ती मान्य व्हायला 1911 उजाडलं. त्या साली वर्षाला 400 पौंड ठरले. तोवर संसदेत बसायचं तर एक तर घरचं हवं, नाहीतर पोसणारं कोणीतरी हवं.

तर घेण्यात गैर नाही. आता तो बिघडतो कसा, ते सांगतो.

हजेरीला पैसे बांधले की हजेरी वाढते. काम वाढेलच असं नाही. लोकसभेचंच बघा. सदस्याला अधिवेशनातला दैनिक भत्ता मिळतो तो रजिस्टरवर सही केली तर. हा भत्ता 2,000 चा आता 2,500 रुपये झाला आहे. सही केल्यावर सभागृहात किती वेळ बसलात, हे रजिस्टर विचारत नाही. प्राचीन अथेन्सवाले याबाबतीत जास्त व्यवहारी होते. तिथे नागरिकांच्या सभेला येणाऱ्यांना पैसे सुरू झाले तेव्हा उशिरा येणाऱ्याच्या हाती काही लागत नसे.

पण अर्धवट हजेरी हा किरकोळ आजार. खरा आजार म्हणजे बैठकांची पैदास. एका उपक्रमात (नाव घेत नाही) मी जेव्हा बदलून गेलो तेव्हा एका दिवसाचं वेळापत्रक असं होतं: साडेदहाला लेखापरीक्षण समिती, सव्वाअकराला सामाजिक दायित्व समिती, साडेअकराला खरेदी समिती, बाराला संचालक मंडळ. माणसं जवळपास तीच, खोली तीच, चहाचे कप तेच. प्रत्येक बैठकीचा भत्ता वेगळा. सामाजिक दायित्व समितीचं इतिवृत्त सव्वा पानाचं, आणि त्यात ठराव एकच: मागील इतिवृत्त कायम करण्यात आले. हे बेकायदेशीर होतं का? नाही. कायद्याने समित्या सांगितल्या आहेत, समितीच्या बैठकीला फी देता येते, कोरम म्हणजे किमान हजेरी पूर्ण होती. प्रत्येक कागद बरोबर होता, आणि तरी चार वेळा सही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की इथे काय चाललंय. एक अनुभवी सदस्य रजिस्टर पुढे सरकवताना म्हणायचे, "सही करा साहेब, ही पण झाली."

हाच प्रकार टोकाला गेला की काय होतं, त्यासाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं बेल नावाचं गाव बघा. लॉस एंजेलिसजवळचं, चाळीस हजारांच्या आतलं, कष्टकऱ्यांचं गाव. तिथल्या अर्धवेळ नगरसेवकांना कायद्याप्रमाणे महिन्याला काहीशे डॉलर मिळायला हवे होते. 2010 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने उघडकीला आणलं की त्यातले बहुतेक जण वर्षाला लाखाच्या आसपास डॉलर घेतायत. कसे? नगरपालिकेनेच काढलेल्या निरनिराळ्या मंडळांचे सदस्य म्हणून. कचरा व्यवस्थापनाचं मंडळ, घरबांधणीचं मंडळ, वित्त मंडळ, शिल्लक मालमत्तेचं मंडळ. माणसं तीच, टोप्या वेगळ्या. काही मंडळांच्या बैठका काही मिनिटांत उरकल्या होत्या, काहींच्या झाल्याच नव्हत्या. 2013 मध्ये सहापैकी पाच माजी नगरसेवक काही आरोपांवर दोषी ठरले. व्यवस्थापक रॉबर्ट रिझ्झो याचा तर वर्षाचा पगारच आठ लाख डॉलरच्या घरात होता, पण तो वेगळा विषय.

या काळात कॅलिफोर्नियाने एक छोटा कायदा केला, तो मला फार आवडतो. एका मंडळाची बैठक संपवून त्याच सदस्यांना दुसऱ्या मंडळाची बैठक लगेच किंवा सोबतच भरवायची असेल, तर आधी सचिवाने किंवा एखाद्या सदस्याने सर्वांसमोर मोठ्याने सांगायचं की या जादा बैठकीबद्दल प्रत्येक सदस्याला किती पैसे मिळणार आहेत. बस्स. बंदी नाही, दंड नाही. समोर चार नागरिक बसलेले असताना 'आता ही पंधरा मिनिटांची बैठक होईल, प्रत्येकी अमुक इतके' असं म्हणायचं. आपल्याकडे असा नियम नाही. पण तुमच्या मंडळाने स्वतःहून तो लावून घ्यायला कोणाची हरकत आहे? मी तो एका मंडळापुढे सुचवला होता. विषय ऐनवेळच्या विषयांत आला आणि ऐनवेळीच गेला.

इंग्लंडने दुसरा रस्ता धरला. तिथे 1972 च्या कायद्याने नगरसेवकांना उपस्थिती भत्ता दिला होता. त्याने बैठकांची संख्या फुगते आणि बैठकीबाहेरच्या कामाला काहीच किंमत राहत नाही, अशी टीका वर्षानुवर्षं होत राहिली. 2000 च्या कायद्यानंतर उपस्थिती भत्ता बंद झाला आणि वर्षाचा ठोक भत्ता तेवढा राहिला. यातली अडचण उघड आहे: ठोक पैसे मिळाले की काही जण फिरकतच नाहीत. माझं मत विचाराल तर आपल्या महामंडळांसाठी दोन्हीचं मिश्रण बरं. दर बैठकीला भत्ता, पण वर्षाला किती बैठकांचा मिळेल याला मर्यादा, आणि एका दिवसात कितीही बैठका झाल्या तरी भत्ता एकाच बैठकीचा. ही शेवटची एक ओळ ठरावात घातली की सव्वाअकराची समिती आपोआप महिनाभर पुढे जाते किंवा मुख्य बैठकीत विलीन होते. कॅलिफोर्नियातल्या पाणीपुरवठा मंडळांना कायद्याने दिवसाचा भत्ता ठरवून दिलाय, बैठकीचा नाही, आणि महिन्याला दहाच दिवसांचा. तिथेही विचार हाच.

तुमचं महामंडळ कंपनी आहे की स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली संस्था, हे तपासा. सिडको ही कंपनी आहे. एमआयडीसी 1961 च्या औद्योगिक विकास कायद्याखाली आहे. एसटी 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली. बाहेरून सगळीच 'महामंडळं'. कंपनी असेल तर 2013 चा कंपनी कायदा लागतो. त्यात सिटिंग फीची कमाल मर्यादा दर बैठकीला एक लाख रुपये आहे. 1956 च्या जुन्या कायद्याखाली मोठ्या कंपनीलासुद्धा ती 20,000 होती. एक लाख ही मर्यादा आहे, हक्क नाही. सरकारी कंपन्या त्याच्या कितीतरी खाली देतात. स्वतंत्र संचालक आणि महिला संचालक यांची फी इतर संचालकांपेक्षा कमी ठेवता येत नाही, हे त्याच नियमांत आहे. वर्षात किमान चार बैठका हव्यात आणि दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर नको. आणि बारा महिन्यांत एकाही बैठकीला आला नाहीत, तर रजा मंजूर असली तरी पद जातं. संस्था स्वतंत्र कायद्याखालची असेल तर भत्ता किती हे त्या कायद्याखालच्या नियमांत किंवा शासन निर्णयात असतं, आणि मंडळाला तो स्वतःहून वाढवता येत नाही. वाढवला तर काही वर्षांनी लेखाआक्षेप येतो आणि वसुलीचं पत्र निवृत्त सदस्यांच्या घरी जातं. असं पत्र मी स्वतः पाठवलेलं आहे. एका माजी सदस्यांच्या पत्नीने ते उघडलं, तेव्हा सदस्य हयात नव्हते.

सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी असे पदसिद्ध सदस्य तुमच्या शेजारी बसतील. त्यांना सिटिंग फी नसते, कारण तिथे बसणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. एखादे अधिकारी गमतीत म्हणतील, "तुम्हाला बरं आहे, आम्ही फुकट." हसून सोडून द्या. त्यांचा त्या दिवसाचा पगार चालू असतो.

आता लाभाचं पद. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या मित्राने अर्धं खरं सांगितलंय आणि उरलेलं अर्धं महत्त्वाचं आहे.

राज्यघटनेचं कलम 102 खासदारांना आणि 191 आमदारांना लागू होतं. केंद्र किंवा राज्य सरकारच्या अखत्यारीतलं लाभाचं पद धारण केलं तर निवडून येता येत नाही आणि आलेलं पद जातं. अपवाद, कायद्याने ज्या पदांना सूट दिली आहे ती. प्रश्न इतकाच की बैठक भत्ता म्हणजे 'लाभ' का?

सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच याचं उत्तर दिलंय. रावण्णा सुबण्णा विरुद्ध कग्गीरप्पा, म्हैसूर राज्यातलं नगरपालिका निवडणुकीचं प्रकरण. उमेदवार तालुका विकास समितीचा अध्यक्ष होता आणि त्याला दर बैठकीला सहा रुपये मिळत. न्यायालय म्हणालं, लाभ म्हणजे आर्थिक फायदा. सहा रुपये हे येण्याजाण्याचा आणि हातखर्च भरून काढण्यासाठी आहेत. खर्च भागून वर काही उरतं असं दाखवलं नाही, तर तो लाभ नाही. हे तत्त्व आजही उभं आहे.

पण त्यापुढे दोन निकाल आहेत. 1998 मध्ये शिबू सोरेन राज्यसभेवर निवडून आले तेव्हा ते झारखंड क्षेत्र स्वायत्त परिषदेचे अंतरिम अध्यक्ष होते. महिन्याला 1,750 रुपये मानधन, वर दैनिक भत्ता, राहायला घर, चालकासह गाडी. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दैनिक भत्ता मिळत असताना वर दिलेलं मानधन खर्चाची भरपाई म्हणता येणार नाही, निवडणूक रद्द. 1,750 रुपयांवर! म्हणजे रक्कम लहान असणं हे ढाल नाही. खर्चासाठी वेगळे पैसे मिळत असतील तर उरलेले पैसे लाभ दिसू लागतात.

दुसरा निकाल जया बच्चन यांचा, 2006 चा. उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. महिन्याला 5,000 मानधन आणि इतर सवलती पदाला जोडलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं की आपण यातलं काही घेतलंच नाही. न्यायालय म्हणालं, घेतलं की नाही हा प्रश्न नाही. पदातून ते मिळू शकत होतं का, हा प्रश्न आहे. राज्यसभेचं सदस्यत्व गेलंच. त्या काळात सोनिया गांधींनीही राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्षपदावरून वाद उठताच लोकसभेचा राजीनामा दिला होता आणि त्यानंतर संसदेने सूट मिळणाऱ्या पदांची यादी वाढवली.

तुम्ही यातून काय घ्यायचं? भत्ता नाकारून लाभाच्या पदातून सुटाल, हा समज सोडा. पैसे पदाला जोडलेले असतील तर न घेताही तुम्ही अडकू शकता. आणि तुम्ही साधे सदस्य असाल, अध्यक्ष नसाल, पैसे फक्त बैठकीचे आणि प्रवासाचे असतील, तर एवढं घाबरण्याचं कारण नाही. खासदारांसाठीच्या 1959 च्या कायद्यात 'भरपाई भत्ता' याची व्याख्याच अशी आहे की खासदाराला मिळणाऱ्या दैनिक भत्त्याहून जास्त नसलेला दैनिक भत्ता, आणि खर्च भरून येण्यासाठीचे प्रवास वगैरे भत्ते. एवढंच मिळणाऱ्या सदस्याला सामान्यतः त्या कायद्याची सूट मिळते. काही मोठ्या मंडळांचे अध्यक्ष मात्र यादी करून वगळलेले आहेत. आमदारकीसाठी राज्याचा स्वतःचा कायदा आणि त्याची अनुसूची बघावी लागते. तुमच्या मंडळाचं नाव तिथे आहे का, हे उमेदवारी अर्जाच्या आदल्या रात्री शोधू नका. फॉर्म भरायचा विचार पक्का झाला की वकिलाला कागद दाखवा, आणि शंका असेल तर छाननीच्या बऱ्याच आधी राजीनामा देऊन तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. राजीनामा दिला आणि मंजूर झाला, या दोन तारखांमध्ये बरेच जण आपटलेत.

नाकारण्याबद्दल आणखी एक, ते कायद्याच्या पुस्तकात नाही. एखादे सुस्थितीतले सदस्य पहिल्याच बैठकीत उभे राहून जाहीर करतात, "मी भत्ता घेणार नाही, तो संस्थेलाच राहू द्या." टाळ्या पडतात. इतिवृत्तात नोंद होते, कधी वर्तमानपत्रातही येतं. त्या क्षणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, ज्याला त्या पैशांची खरी गरज आहे, तो माणूस लोभी ठरतो. मराठवाड्याचे ते सदस्य अशाच एका घोषणेनंतर दोन बैठका आले नाहीत. तुम्हाला घ्यायचा नसेल तर सचिवाला एक ओळीचं पत्र द्या आणि विषय संपवा. देणगी द्यायची असेल तर घेऊन मग द्या, कुठे दिली हे सांगण्याचं कारण नाही.

काही अडचणीचे प्रसंग असतात, ज्यांचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं बरं. कोरम झाला नाही आणि बैठक तहकूब झाली तर? जे आले त्यांचा प्रवासखर्च द्यावा, बैठक भत्ता देऊ नये, असं मी धरत आलो. बैठक झालीच नाही. बैठक न घेता सह्यांसाठी घरोघर पाठवलेल्या, म्हणजे फिरत्या ठरावावर सही केली तर? भत्ता नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सवरून हजर? कंपनी कायदा ती हजेरी धरतो, म्हणून सिटिंग फी मिळते, प्रवासखर्च अर्थातच नाही. यावरून एकदा मजा झाली: एका सदस्याने पडद्यावर हजेरी लावली आणि आठवड्याने नाशिक-मुंबई टॅक्सीचं बिल पाठवलं. विचारल्यावर म्हणाले, "मुलीने भरलं वाटतं फॉर्म." बिल निमूट मागे घेतलं गेलं. प्रवास बिलात नेहमी प्रत्यक्ष जे केलं तेच लिहा. दुसऱ्याच्या गाडीत बसून आलात तर टॅक्सी लावू नका. बैठकीच्या भत्त्यावरून कोणी फारसं पकडलं जात नाही. माणसं पकडली जातात ती प्रवास भत्त्याच्या बिलात, आणि तेही दोन-चार हजारांसाठी.

बैठकीत दहा मिनिटं बसून उठलात तर? सही झाली म्हणून भत्ता निघेल. इतिवृत्तात 'विषय क्र. 3 नंतर सदस्य निघून गेले' अशी नोंद करायला मात्र सचिवाला सांगा, स्वतःहून सांगा. पुढे विषय क्र. 7 वरून चौकशी लागली तर तीच नोंद तुम्हाला वाचवेल. भत्ता घेतला म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या ठरावांना तुम्ही हजर होता, असं कागद बोलतो. ज्या ठरावाला विरोध आहे तिथे विरोध नोंदवून घ्या. गप्प राहिलात तर ती संमती धरली जाते.

कराचं थोडक्यात सांगतो. बैठक भत्ता तुमच्या उत्पन्नात धरला जातो. कंपनी असेल तर संचालकाच्या फीवर दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि त्याला किमान रकमेची सूट नाही, म्हणजे पहिल्या रुपयापासून. पॅन दिला नाहीत तर वीस टक्के. प्रत्यक्ष झालेल्या प्रवासखर्चाची बिलं देऊन जे परत मिळतं ते उत्पन्न नाही, म्हणून तिकिटं जपून ठेवा. भत्ता तुमच्या नावे निघाला आणि मग तुम्ही तो संस्थेला परत दिलात, तरी कर तुम्हालाच लागू शकतो. नको असेल तर निघण्याआधी लेखी नकार द्या. जीएसटीची धास्ती घेऊ नका. कंपनीच्या संचालकाच्या सिटिंग फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, पण तो रिव्हर्स चार्जने कंपनी भरते. पंचायत, नगरपालिका यांच्या सदस्यांचं काम, तसंच सरकारने स्थापन केलेल्या संस्थेवर अध्यक्ष, सदस्य किंवा संचालक म्हणून केलेलं काम कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे ती जीएसटीच्या दृष्टीने सेवाच नाही. तुमचं मंडळ नेमकं कशात बसतं यावर लेखा विभाग आणि ऑडिटर यांचे वाद चालतात, ते त्यांना घालू द्या.

पहिल्या बैठकीला जाताना पॅन कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक आणि येण्याजाण्याची तिकिटं सोबत न्या. सचिवाकडून तीन कागद मागून घ्या: तुमच्या नेमणुकीचा शासन निर्णय, भत्त्याचा दर ठरवणारा आदेश किंवा ठराव, आणि गेल्या वर्षभरातल्या सगळ्या बैठकांची तारीखवार यादी, समित्यांसकट. तिसरा कागद द्यायला वेळ लागला तर पुन्हा मागा.